मराठी शीर्षक कधी नीट, कधी कचरा: एक्स११ मधील ॲटम आणि प्रॉपर्टी यांची तपासणी

एका छोट्या वाचनालयाच्या देवघेव खिडकीवरील लिनक्स संगणकासाठी मी सी भाषेत, कोणतेही टूलकिट न घेता थेट एक्सलिब (पडद्यावरील विंडो सांभाळणाऱ्या एक्स११ प्रणालीशी बोलणारे ग्रंथालय) वापरून, पुस्तकांच्या नोंदींचा एक प्रोग्रॅम लिहिला होता. खिडकी हा शब्द येथे दोन अर्थांनी येऊन घोटाळा करील, म्हणून पडद्यावरील खिडकीला यापुढे विंडोच म्हणतो. त्या विंडोचे शीर्षक ‘देवघेव नोंदवही’ असे होते. आठवड्यातील बहुतेक दिवस ते शीर्षकपट्टीवर स्वच्छ देवनागरीत उमटे. एखाद्या सकाळी मात्र त्याच जागी डोक्यावर तिरकी रेघ असलेला रोमन ए, त्यानंतर चार कोपऱ्यांना शेपट्या फुटलेले वर्तुळ, मग मधोमध तुटलेली उभी रेघ, पुन्हा तोच ए आणि त्याच्यामागे चक्क जपानी येनचे चिन्ह, अशी माळ दिसे. संगणक बंद करून पुन्हा सुरू केला की बहुधा सगळे ठीक होई, आणि त्यामुळेच खरे कारण शोधायला मला काही महिने लागले. पुन्हा सुरू केल्याने बरा होणारा दोष सर्वांत चिवट असतो, कारण तो हातात सापडण्याआधीच निसटतो.

ज्यांना हाच किंवा याच्या जवळपासचा त्रास होत असेल त्यांच्यासाठी तपासणीचा क्रम येथे दिला आहे. आज्ञांची व ॲटमची (हा शब्द पुढे उलगडतो) नावे देवनागरीत लिहिली आहेत. टर्मिनलवर ती अर्थातच रोमन लिपीत टंकावी लागतील, आणि ॲटमच्या नावांत मोठ्या व लहान अक्षरांचा भेद पाळला जातो हे तेव्हा ध्यानात ठेवावे.

आधी कचऱ्याकडेच नीट पाहावे

ती माळ यादृच्छिक नव्हती. युनिकोडमधील देवनागरीच्या मूळ गटाचा प्रत्येक संकेतबिंदू युटीएफ-८ मध्ये, म्हणजे युनिकोड बाइटांत लिहिण्याच्या पद्धतीत, तीन बाइट घेतो. त्यांतील पहिला बाइट षोडशमानात नेहमी ‘ई०’ असतो, आणि दुसरा, गटाच्या पूर्वार्धातील अक्षरांसाठी ‘ए४’ तर उत्तरार्धातील अक्षरांसाठी ‘ए५’ असतो. हेच बाइट कोणी लॅटिन-१ (एका बाइटाला एक अक्षर मानणारा जुना पश्चिम युरोपीय संच) म्हणून वाचले, तर ‘ई०’ चा होतो तिरक्या रेघेचा ए, ‘ए४’ चे होते सर्वसाधारण चलनचिन्हाचे ते शेपट्यांचे वर्तुळ, आणि ‘ए५’ चे होते येनचे चिन्ह. ‘देवघेव’ मधला ‘द’ पूर्वार्धातला आहे आणि त्याची मात्रा उत्तरार्धातली, म्हणून आधी वर्तुळ आणि मग येन. रुपयाचे चिन्ह आले असते तर निदान देशाभिमान तरी राखला गेला असता. शीर्षकपट्टीवर हा ए आणि ही चलने आलटून पालटून दिसत असतील, तर बाइट शाबूत आहेत आणि केवळ त्यांवरची चिठ्ठी चुकली आहे, असे खुशाल समजावे. ठोकळे किंवा प्रश्नचिन्हे दिसत असतील तर प्रकरण वेगळे आहे: ठोकळे हा बहुधा फॉन्टचा प्रश्न असतो, आणि प्रश्नचिन्हे म्हणजे वाटेत कोणीतरी रूपांतराचा प्रयत्न करून हात टेकले आहेत.

ही चिठ्ठी म्हणजे काय, हे समजण्यासाठी थोडे मागे जावे लागते. एक्स विंडो प्रणालीचे काम १९८४ मध्ये एमआयटीत, अथीना प्रकल्पाच्या काळात, बॉब शाइफ्लर आणि जिम गेटीज यांनी सुरू केले, आणि तिची अकरावी आवृत्ती सप्टेंबर १९८७ मध्ये बाहेर पडली. आजही आपण जी एक्स११ म्हणतो ती हीच. या प्रणालीत पडदा व कळफलक सांभाळणारा प्रोग्रॅम म्हणजे सर्व्हर, आणि त्याच्याशी जोडलेले बाकीचे प्रोग्रॅम म्हणजे क्लायंट. विंडोचे शीर्षक सर्व्हरला कळत नाही. सर्व्हरच्या दृष्टीने ते विंडोला चिकटवलेल्या एका प्रॉपर्टीतील काही बाइट असतात. प्रत्येक प्रॉपर्टीला एक नाव, एक प्रकार, ८, १६ किंवा ३२ बिटांपैकी एक मांडणी आणि मजकूर असतो. यांतील प्रकार म्हणजेच वरची चिठ्ठी. नाव आणि प्रकार हे दोन्ही अक्षरांत नव्हे तर अंकांत पाठवले जातात, आणि त्या अंकाला ॲटम म्हणतात. क्लायंट सर्व्हरला एखादे नाव सांगतो, सर्व्हर त्याला अंक देतो, आणि त्यानंतर दुसऱ्या कोणत्याही क्लायंटने तेच नाव विचारले तर त्यालाही तोच अंक मिळतो. बँकेत टोकन घेतल्यासारखा हा प्रकार आहे. फरक एवढाच की येथे एका नावाला एकच टोकन असते आणि ते सर्वांना सामाईक असते.

दर वेळी विचारण्याची फेरी वाचावी म्हणून प्रोटोकॉलने काही ॲटम आधीच ठरवून ठेवले आहेत. ते १ ते ६८ असे अडुसष्ट आहेत. ‘प्रायमरी’ हा १, ‘स्ट्रिंग’ हा ३१, ‘डब्ल्यूएम_नेम’ हा ३९, आणि शेवटचा ‘डब्ल्यूएम_ट्रान्झियंट_फॉर’ हा ६८. जगातील कोणत्याही एक्स११ सर्व्हरवर हे अंक तेच राहतात. शून्य म्हणजे ‘नाही’. ६९ पासून पुढचे अंक मात्र ज्याने आधी विचारले त्याला आधी, या न्यायाने वाटले जातात.

माझी चूक कोठे होती

एक्सलिबच्या शीर्षफायलींत ‘एक्सॲटम.एच’ नावाची एक फाइल असते. तिच्यात हे अडुसष्ट अंक एकाखाली एक, नावांसह दिलेले आहेत. प्रोग्रॅम लिहिताना मला युटीएफ-८ शीर्षकाच्या प्रॉपर्टीचे नाव ‘_नेट_डब्ल्यूएम_नेम’ आणि तिचा प्रकार ‘युटीएफ८_स्ट्रिंग’ हे दोन ॲटम हवे होते आणि ते त्या यादीत नव्हते. तेव्हा मी ‘एक्सएलएसॲटम्स’ ही आज्ञा चालवली, तिने दाखवलेल्या लांबलचक यादीतून त्या दोन नावांसमोरचे तीनशेच्या घरातील अंक उतरवून घेतले आणि स्वतःच्या फाइलीत त्याच थाटात दोन ओळी लिहिल्या. शेजारच्या अडुसष्ट ओळी जशा कायमच्या आहेत तशाच याही असतील, अशी माझी समजूत होती. ती चुकीची होती, पण पहिल्या दिवशी प्रोग्रॅम उत्तम चालला. दुसऱ्या दिवशीही चालला.

तो चालण्याचे कारण असे की संगणक रोज त्याच क्रमाने सुरू होत होता. सर्व्हर आधी आपले ॲटम तयार करी, मग विंडो मॅनेजर (शीर्षकपट्ट्या काढणारा प्रोग्रॅम) आपली नावे विचारी, मग पॅनेल, आणि रांग रोज तीच असल्याने टोकनेही तीच मिळत. पुढे वाचनालयाला संगणकावर मराठी टंकलेखन हवे झाले, म्हणून मी कळफलकाला मराठी इनस्क्रिप्ट मांडणी जोडली आणि सुरुवातीच्या स्क्रिप्टमध्ये, विंडो मॅनेजरच्या आधी, इनपुट मेथड (दाबलेल्या कळांची अक्षरे जुळवणारा प्रोग्रॅम) पार्श्वभूमीत सुरू करणारी एक ओळ घातली. कळफलकाच्या मांडणीचे, चिन्हसंचाचे आणि गटाचे नावही सर्व्हर ॲटम म्हणूनच साठवतो, हे मला तेव्हा ठाऊक नव्हते. मांडणी जोडताच पुढचे सगळे अंक सरकले. ते मी नव्याने पाहून फाइलीत दुरुस्तही केले आणि निश्चिंत झालो. पण पार्श्वभूमीत सुरू होणारी इनपुट मेथड आणि विंडो मॅनेजर यांची आता रोज शर्यत लागत होती. बहुतेक दिवशी विंडो मॅनेजर पुढे असे. डिस्क मंद असलेल्या एखाद्या सकाळी इनपुट मेथड पुढे निघून जाई, आणि मी लिहून ठेवलेला अंक दुसऱ्याच नावाच्या वाट्याला येई.

येथे एक्स११ तक्रार का करत नाही, असा प्रश्न पडेल. प्रॉपर्टी बदलण्याची विनंती आली की सर्व्हर फक्त एवढेच पाहतो की तो अंक कोणत्या तरी अस्तित्वात असलेल्या ॲटमचा आहे की नाही. नसेल तर ‘बॅडॲटम’ ही ५ क्रमांकाची त्रुटी येते. असेल तर, त्या नावाचा विंडोशी काही संबंध आहे का, या प्रकारचा मजकूर त्या नावाखाली शोभतो का, हे सर्व्हर विचारत नाही. माझे शीर्षक त्या सकाळी कोणत्या तरी परक्या नावाखाली बिनबोभाट चिकटवले जात होते.

त्यात माझी दुसरी चूक मिसळली होती. शीर्षक लिहिताना मी ‘एक्सस्टोअरनेम’ हे जुने फंक्शनही वापरले होते. ते दिलेले बाइट जसेच्या तसे ‘डब्ल्यूएम_नेम’ मध्ये, ‘स्ट्रिंग’ असा प्रकार सांगून ठेवते. ‘स्ट्रिंग’ या प्रकाराचा अर्थ संकेतांनुसार लॅटिन-१ असा ठरलेला आहे; त्यात देवनागरीला जागाच नाही. मी युटीएफ-८ बाइट देऊन त्यांवर लॅटिन-१ ची चिठ्ठी लावत होतो. विंडो मॅनेजर आधी ‘_नेट_डब्ल्यूएम_नेम’ पाही आणि ते सापडले की दुसरीकडे ढुंकूनही बघत नसे, म्हणून चांगल्या दिवशी ही दुसरी चूक झाकली जाई. पहिल्या चुकीमुळे ते सापडले नाही की तो ‘डब्ल्यूएम_नेम’ कडे वळे आणि चिठ्ठीवर विश्वास ठेवून येनची चिन्हे काढी. त्याचे काहीच चुकत नव्हते.

सर्वांत फसवी गोष्ट अशी की मी शीर्षक वाचून दाखवणारे एक छोटे चाचणी साधनही लिहिले होते, आणि वाईट सकाळीही त्यात शीर्षक अगदी बरोबर दिसे. ते साधन तीच शीर्षफाइल वापरत होते. लिहिणारा आणि वाचणारा दोघेही एकाच चुकीच्या पत्त्यावर जात असतील तर त्यांची भेट होणारच. म्हणून पहिला नियम: अशा दोषाची तपासणी स्वतःच्या साधनाने करू नये.

तपासणी: ‘एक्सप्रॉप’ काय सांगतो ते अक्षरशः वाचावे

बिघाड दिसत असतानाच, संगणक पुन्हा सुरू न करता, टर्मिनलवर ‘एक्सप्रॉप’ हे विंडोच्या प्रॉपर्टी दाखवणारे साधन चालवावे आणि कर्सरचे चिन्ह बदलल्यावर त्या विंडोवर क्लिक करावे. प्रत्येक ओळीत आधी प्रॉपर्टीचे नाव, मग कंसात तिचा प्रकार आणि मग मजकूर येतो. आपल्याला हवी आहे ती कंसातील गोष्ट. ‘_नेट_डब्ल्यूएम_नेम’ समोर ‘युटीएफ८_स्ट्रिंग’ असलेच पाहिजे. ‘डब्ल्यूएम_नेम’ समोर ‘स्ट्रिंग’ असेल आणि मजकुरात तिरक्या रेघेचे ए, किंवा उलट्या तिरप्या रेघेनंतर ३४० आणि २४४ असे अष्टमान अंक पुन्हा पुन्हा येत असतील, तर दुसरी चूक तुमच्याकडेही आहे. ३४० आणि २४४ म्हणजे ‘ई०’ आणि ‘ए४’ च.

माझ्या विंडोवर त्या सकाळी ‘_नेट_डब्ल्यूएम_नेम’ नव्हतेच. त्याऐवजी यादीच्या तळाशी ‘एक्सआयएम_सर्व्हर्स’ नावाची प्रॉपर्टी होती आणि तिच्यासमोर षोडशमान अंकांची माळ होती, जी ‘ई०’, ‘ए४’, ‘ए६’ अशी सुरू होत होती. हे नाव इनपुट मेथडचे; त्याची जागा मूळ विंडोवर (सगळ्या विंडोंमागच्या, पूर्ण पडद्याच्या विंडोवर) असते, वाचनालयाच्या नोंदवहीवर नव्हे. ‘ई०, ए४, ए६’ म्हणजे ‘द’. ‘देवघेव’ चा ‘द’ तेथे कसा पोहोचला, हे कळल्यावर उरलेले काम तासाभराचे होते.

एखादी विशिष्ट प्रॉपर्टी नाव देऊन विचारली तर ‘एक्सप्रॉप’ नकार दोन प्रकारे देतो, आणि त्यांतील फरक फार उपयोगी आहे. ‘सापडली नाही’ अशा अर्थाचे उत्तर आले तर ते नाव सर्व्हरला माहीत आहे, फक्त या विंडोवर ती प्रॉपर्टी नाही. ‘कोणत्याही विंडोवर असा ॲटम नाही’ अशा अर्थाचे उत्तर आले तर या सर्व्हरवर आजपर्यंत कोणीही ते नाव उच्चारलेलेच नाही. म्हणजे एक तर नावाचे स्पेलिंग चुकले आहे, किंवा ज्या प्रोग्रॅमने ते लिहायला हवे होते तो तेथवर पोहोचलाच नाही. सुरुवातीची अधोरेखा विसरणे ही नेहमीची चूक आहे.

त्यानंतर ‘एक्सएलएसॲटम्स’ ला ‘-नेम’ हा पर्याय देऊन दोन्ही नावांचे आजचे अंक पाहावेत, आणि चांगल्या दिवशी हीच आज्ञा चालवून ताडून पाहावेत. अंक बदलणे हा दोष नाही. ते बदलल्याने तुमचा प्रोग्रॅम बिघडणे हा दोष आहे.

दुरुस्ती

अडुसष्टांपलीकडील प्रत्येक नाव प्रोग्रॅम सुरू होताना, सर्व्हरशी जोडणी झाल्याबरोबर, ‘एक्सइंटर्नॲटम’ ने विचारून घ्यावे आणि त्या जोडणीपुरतेच जपून ठेवावे. ते फाइलीत लिहू नये, दुसऱ्या संगणकाला पाठवू नये, आणि एकच प्रोग्रॅम दोन सर्व्हरांशी जोडलेला असेल तर एकाचे अंक दुसऱ्याला देऊ नयेत. नावे बरीच असतील तर ‘एक्सइंटर्नॲटम्स’ हे अनेकवचनी फंक्शन ती सर्व एकदम मागवते, त्यामुळे प्रत्येक नावासाठी सर्व्हरपर्यंतची वेगळी फेरी पडत नाही. दूरच्या संगणकावरून चालवताना हा फरक डोळ्यांना दिसतो.

‘एक्सइंटर्नॲटम’ च्या शेवटच्या प्राचलाकडे (आर्ग्युमेंटकडे) मात्र लक्ष द्यावे. तो ‘खरे’ दिला तर नाव आधीपासून असेल तरच अंक मिळतो, नाहीतर शून्य परत येते. लिहिणाऱ्या प्रोग्रॅमने तो ‘खोटे’ द्यावा. ‘खरे’ देऊन आलेले शून्य न तपासता प्रॉपर्टीचे नाव म्हणून वापरले तर निदान ‘बॅडॲटम’ तरी मिळते. पण वाचताना तेच शून्य प्रकार म्हणून वापरले तर त्याचा अर्थ ‘कोणताही प्रकार चालेल’ असा होतो, आणि विनंती यशस्वी होऊन भलताच मजकूर हाती येतो. शांतपणे चुकणाऱ्या गोष्टींत हिचा क्रमांक बराच वरचा आहे.

‘डब्ल्यूएम_नेम’ साठी ‘एक्सस्टोअरनेम’ सोडून द्यावे. ‘_नेट_डब्ल्यूएम_नेम’ मध्ये युटीएफ-८ बाइट, प्रकार ‘युटीएफ८_स्ट्रिंग’, मांडणी ८, असे स्पष्ट लिहावे, आणि ‘डब्ल्यूएम_नेम’ मध्ये जुन्या विंडो मॅनेजरांसाठी रोमन अक्षरांतील साधे शीर्षक ठेवावे. ‘कंपाउंड_टेक्स्ट’ नावाचा एक जुना बहुभाषिक प्रकार आहे, पण त्याच्या मूळ प्रमाणित संचांच्या यादीत लॅटिन, ग्रीक, सिरिलिक, अरबी, हिब्रू, जपानी, चिनी, कोरियन आहेत आणि देवनागरी नाही. मराठी शीर्षकासाठी त्याच्या नादी लागण्यात अर्थ नाही असे माझे मत आहे.

यादीत आहे असे वाटते आणि नसते

जुन्या यादीची रचना १९८७ ची आहे, आणि क्लायंटांनी एकमेकांशी कसे वागावे याचे डेव्हिड रोझेनथल यांनी लिहिलेले संकेत त्यानंतर पक्के झाले, म्हणून तिच्यात काय आहे व काय नाही याचा अंदाज बांधता येत नाही. ‘डब्ल्यूएम_नेम’, ‘डब्ल्यूएम_हिंट्स’, ‘डब्ल्यूएम_क्लास’ आहेत. ‘डब्ल्यूएम_प्रोटोकॉल्स’, ‘डब्ल्यूएम_डिलीट_विंडो’ आणि ‘डब्ल्यूएम_स्टेट’ नाहीत. ‘प्रायमरी’ आणि फारसे कोणी न वापरणारे ‘सेकंडरी’ आहेत. रोज लागणारा ‘क्लिपबोर्ड’ नाही. कापलेला मजकूर ठेवण्याच्या जुन्या कट बफरांसाठी आठ जागा राखून ठेवल्या आहेत, ९ पासून १६ पर्यंत, आणि आज त्यांना विचारणारा विरळाच. कॉपी केलेला मजकूर माउसच्या मधल्या बटणाने चिकटतो पण कळफलकावरून चिकटत नाही, ही तक्रार बहुधा येथूनच येते: लिहिणाऱ्याने हाताशी असलेला १ क्रमांकाचा ‘प्रायमरी’ वापरला आणि ‘क्लिपबोर्ड’ विचारून घेण्याचे राहून गेले.

वाचतानाचे दोन सापळे

शीर्षक बरोबर लिहिले जाऊ लागल्यावर माझ्या स्वतःच्या पॅनेलमध्ये एक नवी तक्रार उभी राहिली. लहान शीर्षके ठीक दिसत, लांब शीर्षके शेवटी तुटत, आणि हे फक्त मराठीत होई. ‘एक्सगेटविंडोप्रॉपर्टी’ या फंक्शनला किती मजकूर हवा ते सांगावे लागते, आणि ते माप बाइटांत नसून चार बाइटांच्या एककांत असते. मी १६ लिहिले होते, म्हणजे ६४ बाइट. इंग्रजी शीर्षकाला चौसष्ट अक्षरे भरपूर होतात. ‘देवघेव नोंदवही सभासद क्रमांक’ हे शीर्षक मात्र मोजले तर ७८ बाइटांचे भरते: ‘देवघेव नोंदवही’ चे ४०, ‘सभासद’ चे १५, ‘क्रमांक’ चे २१ आणि मधल्या दोन मोकळ्या जागा. चौसष्टाव्या बाइटावर कात्री चालते तेव्हा ‘क्रमांक’ मधील ‘क’, त्याचा हलन्त, आणि ‘र’ च्या तीन बाइटांपैकी पहिला एकच बाइट हाती उरतो. पाय मोडलेला ‘क्’ आणि त्यापुढे एक ठोकळा, असे ते दिसे. हे फंक्शन किती बाइट मागे राहिले तेही परत सांगते; तो आकडा शून्य नसेल तर उरलेला मजकूर मागवणे हे वाचणाऱ्याचे काम आहे. त्याचबरोबर परत आलेला प्रकारही तपासावा, कारण मागितलेला प्रकार आणि असलेला प्रकार जुळला नाही तरी फंक्शन यशच कळवते, फक्त मजकूर रिकामा देते.

दुसरा सापळा ३२ बिटांच्या मांडणीचा आहे आणि त्यात पडणारे दर वर्षी नव्याने भेटतात. एक्सलिबच्या लेखी ३२ बिटांची मांडणी म्हणजे सी भाषेतील ‘लाँग’ ची मालिका, आणि ६४ बिटांच्या लिनक्सवर ‘लाँग’ आठ बाइटांचा असतो. वायरवरून चारच बाइट जातात, पण फंक्शनला द्यायची आणि त्याच्याकडून येणारी मालिका आठ-आठ बाइटांची असते. पडद्याच्या वरच्या कडेला २८ पिक्सेलची पट्टी राखून ठेवण्यासाठी ‘_नेट_डब्ल्यूएम_स्ट्रट’ मध्ये डावी, उजवी, वरची, खालची या क्रमाने ०, ०, २८, ० असे चार आकडे लिहायचे असतात. मी ते चार बाइटांच्या चलांत ठेवून दिले. एक्सलिबने पहिले दोन शून्य मिळून एक आकडा मानला, ‘२८, ०’ मिळून दुसरा, आणि तिसरा व चौथा मालिकेच्या पलीकडील स्मृतीतून उचलला. परिणामी २८ पिक्सेलची जागा उजव्या बाजूला मोकळी राहिली आणि वरची पट्टी विंडोखाली गेली. अशी विचित्र बाजूची पोकळी दिसली की मोजमापांत चूक शोधत बसण्याआधी चलाचा आकार पाहावा. एक्सलिबच्या जागी वापरता येणाऱ्या एक्ससीबी ग्रंथालयात हा प्रश्न येत नाही. तेथे ३२ म्हणजे ३२ च.

मूळ विंडोवरील सामाईक प्रॉपर्टी

प्रॉपर्टी म्हटले की आपल्याला सातबारा आठवतो, आणि सातबाऱ्यावर मालकाचे नाव असते. एक्स११ च्या प्रॉपर्टीवर ते नसते. कोणी लिहिली, कोणी बदलली, याची नोंद सर्व्हर ठेवत नाही, आणि ज्याला विंडोचा क्रमांक माहीत आहे असा कोणताही क्लायंट ती बदलू किंवा पुसू शकतो. साध्या विंडोवरील प्रॉपर्टी निदान विंडोबरोबर नाहीशा होतात. मूळ विंडोवरील प्रॉपर्टी लिहिणारा प्रोग्रॅम बंद पडला तरी तशाच मागे राहतात.

फॉन्टचा आकार अचानक बदलतो, ही तक्रार बरेचदा याच गटात बसते. ‘एक्सएफटी.डीपीआय’ (इंचाला किती ठिपके, ज्यावरून फॉन्टचा आकार ठरतो) सारखी मूल्ये मूळ विंडोवरील ‘रिसोर्स_मॅनेजर’ या एकाच प्रॉपर्टीत, एकाखाली एक ओळींनी असतात. हा ॲटम ठरलेल्या यादीतील २३ वा. एखाद्या स्क्रिप्टने ‘एक्सआरडीबी’ ही आज्ञा फाइलचे नाव देऊन साधीच चालवली तर ती आधीचा सगळा मजकूर काढून नवा ठेवते, आणि दुसऱ्या कोणी लिहिलेला डीपीआय त्यात वाहून जातो. ‘-मर्ज’ हा पर्याय दिला म्हणजे आधीच्या ओळी राखून नव्या मिसळल्या जातात. ‘एक्सआरडीबी -क्वेरी’ ने बिघाडाच्या आधीची व नंतरची स्थिती पाहिली की दोषी स्क्रिप्ट ओळखायला वेळ लागत नाही. मूळ विंडोवर ‘एक्सप्रॉप -रूट -स्पाय’ चालू ठेवले तर प्रत्येक बदल त्या क्षणी टर्मिनलवर उमटतो, आणि त्या वेळी काय सुरू झाले होते ते लक्षात येते.

मागे राहिलेल्या प्रॉपर्टीचे ठळक उदाहरण ‘_नेट_सपोर्टिंग_डब्ल्यूएम_चेक’ हे आहे. कोसळलेल्या विंडो मॅनेजरने मूळ विंडोवर ठेवलेली ही चिठ्ठी पाहून प्रोग्रॅमला वाटते की तो अजून चालू आहे. संकेतांनी त्यावर उपाय दिला आहे: या प्रॉपर्टीत ज्या विंडोचा क्रमांक आहे त्या विंडोवरही हीच प्रॉपर्टी असावी आणि तिच्यात तोच क्रमांक असावा. दोन्ही जुळले तरच मालक जिवंत आहे असे मानावे.

दुरुस्ती खरोखर झाली का

पुन्हा सुरू करून पाहणे ही येथे चाचणी नव्हे, कारण चुकीचा प्रोग्रॅमही पाचपैकी चार वेळा चालत होता. अंक मुद्दाम सरकवून पाहावे लागते. त्यासाठी सुरुवातीच्या स्क्रिप्टमध्ये, विंडो मॅनेजरच्याही आधी, ‘एक्सप्रॉप’ ने मूळ विंडोवर पाचसहा निरर्थक नावांच्या प्रॉपर्टी ‘-सेट’ ने लिहाव्यात आणि लगेच ‘-रिमूव्ह’ ने काढून टाकाव्यात. प्रॉपर्टी जाते, ॲटम राहतो. सर्व्हर रीसेट होईपर्यंत ॲटम कधीच पुसला जात नाही. त्यामुळे पुढच्या प्रत्येक नावाचा अंक तितक्याने पुढे सरकतो. रोज वेगळ्या संख्येने सरकवून शीर्षक टिकले तर दुरुस्ती झाली असे म्हणता येते. ॲटम पुसला जात नाही याचाच दुसरा अर्थ असा की नावात वेळ किंवा प्रक्रियाक्रमांक घालून दर वेळी नवे नाव बनवणारा प्रोग्रॅम सर्व्हरची स्मृती हळूहळू खात राहतो. ती सवय असेल तर तीही येथेच मोडावी.

‘एक्सव्हीएफबी’ या खऱ्या पडद्याविना चालणाऱ्या सर्व्हरवर स्वयंचलित चाचण्या चालवणाऱ्यांनी आणखी एक गोष्ट पाहावी. शेवटचा क्लायंट जोडणी तोडून गेला की सर्व्हर रीसेट होऊ शकतो, आणि मग ६९ पासूनची वाटणी नव्याने सुरू होते; ते नको असेल तर ‘-नोरीसेट’ हा पर्याय आहे. वेलँड या एक्स११ ची जागा घेणाऱ्या नव्या प्रणालीवर चालणाऱ्या डेस्कटॉपवर जुने प्रोग्रॅम ‘एक्सवेलँड’ मधून चालतात, आणि ॲटमचे सगळे नियम त्याच्या आत जसेच्या तसे लागू असतात, पण तेथे ‘एक्सप्रॉप’ फक्त त्याच प्रोग्रॅमांच्या विंडो ओळखतो. क्लिक करूनही काहीच उमटले नाही, तर ती विंडो वेलँडची स्वतःची आहे आणि तिच्यावर या पानातील कोणतीही प्रॉपर्टी नाही.